बारा हजारांचा जुना लॅपटॉप घ्या, पण दुकानातच चालवून बघा

दादा, लेकीच्या अकरावीसाठी परभणीत सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप बारा हजारांत मिळतोय, पण त्यावर विंडोज ११ चालत नाही आणि लिनक्सवर काहीच होत नाही असं दुकानदार म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत सरळ आहे: लॅपटॉप घ्या आणि त्यावर लिनक्स मिंट टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची लिनक्स प्रणाली.

विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांतून असे धडधाकट लॅपटॉप बाहेर पडतात, त्याचं हेही एक कारण. दुकानदार क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची विंडोज टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. तिच्यात काय घुसवलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, आधार, बँक सगळं त्याच लॅपटॉपवरून भरलं जाणार.

आता खरं महत्त्वाचं. पैसे द्यायच्या आधी पेनड्राइव्ह घेऊन जा. ८ जीबीचा पुरतो. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. गावात नेट रखडत असेल तर शहरात कुणाकडून उतरवून घ्या आणि रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. दुकानात लॅपटॉप सुरू होताना डेल-लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. मिंट थेट त्यावरूनच चालतं, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. फक्त ‘इन्स्टॉल’वर क्लिक करू नका. मग वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा बघा, सगळी बटणं दाबून पाहा. चार्जर काढून पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवा. लाइट जाते तिथे बॅटरी मेलेली असेल तर लॅपटॉप घेऊन उपयोग काय? आत एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क आहे का तेही विचारा. साधी हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवूनच घ्या, वेगात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

ई-बालभारतीची पुस्तकं, यूट्यूबवरचे क्लास, लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट, पायथनमध्ये प्रोग्रामिंग, हे सगळं मिंटवर नीट होतं. मराठीसाठी सेटिंगमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्या पोरींना ते जड जाईल असं मला मुळीच वाटत नाही.

दुकानदाराचं म्हणणं काही ठिकाणी खरं आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली लिनक्ससाठी बनलेलंच नाही. एमएस-सीआयटी किंवा सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करायची तर सेंटरवर विंडोजच असते, सराव तिथेच करावा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली नीट वाचता येणार नाहीत. घरात प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल आधी तपासा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात.

लॅपटॉपचं नेमकं मॉडेल इथे लिहा, वायफायची चिप कोणती आहे ते बघून सांगतो.