कोकेनवरच्या औषधाची चाचणी: भावाला जाऊ द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा की भावाला कोकेनच्या व्यसनावरच्या एका औषधाच्या चाचणीत घेतायत, पण त्याच्या वाट्याला 'खोटी गोळी' (तुलनेसाठी दुसऱ्या गटाला देतात ती, औषध नसलेली) आली तर महिने वाया जातील का? अशा चाचण्यांच्या समन्वयाचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्या अनुभवावरून लिहितो.

हेरॉइनसाठी मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. कोकेनसाठी अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्यता दिलेलं एकही औषध नाही. म्हणजे खोटी गोळी मिळाली म्हणून हमखास उपाय हुकला, असं होत नाही. शिवाय समुपदेशन आणि नियमित तपासणी दोन्ही गटांना मिळते. खोट्या गोळीवरच्या लोकांचं सेवनही बरेचदा कमी होतं, आणि खरं औषध सरस ठरवणं त्यामुळेच अवघड जातं.

पहिल्या छोट्या चाचणीच्या बातमीवर मात्र भाळू नका. मोडाफिनिल हे जागं ठेवणारं औषध 2005 साली आशादायक वाटलं, पुढच्या मोठ्या चाचण्यांत फरक दिसला नाही. विगाबॅट्रिन या फिट्सवरच्या औषधाचंही तसंच. मेक्सिकोतले निकाल चांगले होते, अमेरिकेतल्या चाचणीत काही हाती लागलं नाही. तिथे नंतर लघवीत औषध शोधलं, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांनी गोळ्या नीट घेतल्याच नसाव्यात असं दिसलं. आता दोष औषधाचा की न घेतलेल्या गोळ्यांचा, सांगा! (या औषधाने नजरेचा घेर कायमचा आकुंचन पावू शकतो, हे वेगळंच.) म्हणून भावाच्या चाचणीतल्या औषधाचे दुष्परिणाम संमतीपत्रात शोधून वाचा. ते घरी न्यायला मागा, सही तिथल्या तिथे नको.

आता लघवीच्या तपासणीबद्दल. कोकेन स्वतः शरीरातून लवकर जातं, पण त्यापासून बनणारं बेंझॉइलएक्गोनिन दोन-तीन दिवस सापडतं, रोज भरपूर घेणाऱ्यात आणखी जास्त. त्यामुळे बऱ्याच चाचण्यांत आठवड्यातून तीनदा नमुना घेतात. न दिलेला नमुना अनेक ठिकाणी 'कोकेन सापडलं' असाच धरतात. घसरलेला माणूस लाजेने यायचा थांबतो आणि तिथेच सगळं बिघडतं. भावाला बजावा, घेतलं तरी जा, नमुना दे, खरं सांग. त्यासाठी कोणी रागावत नाही. रागावलेच तर ती जागा बरी नव्हे.

दारू पितो का, छातीत कधी दुखलंय का, हे लपवू देऊ नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध कोकेनसाठीही तपासलं गेलंय, त्यावर दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. छातीत दुखलं तर चाचणीच्या तारखेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या.

चाचणी संपल्यावर उपचार कोण चालू ठेवणार, हे आधीच विचारा. चाचणीतून तो कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो. आणि त्यात निवडच झाली नाही, तर नमुना स्वच्छ आला की बक्षीस देणारा कार्यक्रम कुठे चालतो का ते शोधा. कोकेनच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा आजही त्याच पद्धतीमागे आहे, गोळीमागे नाही.