वाचनालयाचा पाच वर्षांचा आराखडा कुठून सुरू करू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. वाचनालय नव्वद वर्षांचं, 'ब' वर्गाचं. एकेकाळी साडेआठशे सभासद होते, आता 230, त्यातले बरेचसे पेन्शनर. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका मात्र सकाळी सातपासून फुल, सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं. अध्यक्ष म्हणतात पाच वर्षांचा आराखडा करा, एका कन्सल्टंटने 60 हजार सांगितलेत. जुनी मंडळी म्हणतात पुस्तकांची एक इंचही जागा अभ्यासिकेला देणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दादा, 60 हजार तूर्तास राहू द्या आणि कपाट उघडा. एका शेल्फवरची पन्नास पुस्तकं काढून आत चिकटवलेली तारखेची पट्टी बघा. आमच्या वाचनालयात आम्ही हे केलं तेव्हा कादंबऱ्यांवर शेवटचा शिक्का कुठे 2009 चा, कुठे 2012 चा, आणि बालविभागातल्या एका पुस्तकावर शिक्क्यांना जागाच उरली नव्हती म्हणून पट्टीवर दुसरी पट्टी डकवलेली, तोवर आम्ही दर मीटिंगला 'वाचन कमी झालंय' एवढंच म्हणत होतो आणि तीन वर्षांत मुलांसाठी एकही नवं पुस्तक घेतलं नव्हतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला त्याची अजून रुखरुख वाटते.

मग वर अभ्यासिकेत जा. मुलांशी बोला, किती जण सभासद आहेत, किती जण खालून पुस्तक नेतात, नेत नसतील तर का. बऱ्याच ठिकाणी ही मुलं महिन्याची फी भरतात पण वाचनालयाची सभासदच नसतात, म्हणजे सर्वसाधारण सभेत त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही. तुमच्याकडचं भांडण जागेचं दिसतंय खरं, पण माझ्या मते ते इथून सुरू होतं.

जुन्या मंडळींची भीती खोटी नाही हं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्ग ठरतात, त्यावर परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे सरकारी पैसे, ठरतं आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या बघतात. म्हणून जीर्ण पुस्तकं बाद करायची तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी बोला, रीतसर करा. अनुदानाच्या अटी पाळायच्याच, पण त्या वर्ग बघून ठरतात, तुमच्या गावाला काय हवंय ते त्यात लिहिलेलं नसतं.

लिज्जतचं बघा. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पुढे मसाले आले, डिटर्जंट आलं, काडेपेटी आणि अगरबत्ती जमली नाही तर ती सोडून दिली. पण बाईने आपल्या कष्टावर कमवायचं आणि संस्थेत तिची मालकी असायची, हे कधी सोडलं नाही. तुम्हीही कमिटीसमोर फळ्यावर दोन रकाने पाडा, मूळ काय आणि पद्धत काय. पुस्तक माणसापर्यंत पोचवायचं हे मूळ. संध्याकाळी 5 ते 8 ची वेळ, बंद कपाटं, सभासदाने स्वतःच यायचं, ही सगळी पद्धत. पद्धतीच्या रकान्यातलं काय बंद करणार हे ठरवताना आवाज चढतील, चढू देत, एका मीटिंगमध्ये नाही झालं तर दुसरी घ्या.

आराखडा दोन पानांचा पुरे. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख, आणि दर सहा महिन्यांनी तीच पानं मीटिंगला काढून जे चाललं नाही त्यावर काट. वाचनालयाच्या घटनेतला उद्देश किंवा नियम बदलणार असाल तर सर्वसाधारण सभा आणि धर्मादाय कार्यालयाची वाट धरावी लागेल, वेळा आणि कपाटं बदलायला सहसा कार्यकारिणीचा ठराव पुरतो.

पट्ट्यांचे आकडे निघाले की मला परत लिहा, बालविभागाचे तेवढे वेगळे काढा.