साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) झाडं का नाहीत, उतारावर मात्र जंगल कसं?

पाऊस दोन्हीकडे तोच, फरक मातीचा. सड्यावर जांभा दगड उघडा, त्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटर. पावसाळ्यात तिथे पाणी साचून मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात तोच थर कोरडा ठणठणीत. मोठ्या झाडाला हे सोसत नाही. तेरडा, सीतेची आसवं मात्र चार-पाच महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. नत्र इतकं कमी की दवबिंदू वनस्पती ते किड्यांतून मिळवते. (नाजूक दिसणारी सीतेची आसवंही कीटकभक्षीच, तिचे सापळे जमिनीत असतात.) उतारावर वाहून आलेली माती साठते, म्हणून तिथे जांभूळ, अंजनी. सड्यावर वृक्षारोपण करू नका: खड्डा खणला की तो पातळ थर आणि त्यातलं बी, दोन्ही जातं.