मोटारसायकलचे इंजिन मोटारगाडीत: दंड भरल्याने नोंदणी वाचत नाही

फोंडा येथील एका वाचकांनी त्यांची अडचण कळवली आहे. त्यांच्याकडे सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटारगाडी आहे. तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी तिचे मूळचे 1149 सी.सी. रेनॉ इंजिन उतरवून हायाबुसा मोटारसायकलचे 1299 सी.सी. इंजिन बसवून घेतले आणि आरटीओला काहीच कळवले नाही. आता नोंदणी रद्द का करू नये, अशी पंधरा दिवसांच्या मुदतीची कारणे दाखवा नोटीस आली आहे. ती मडगावच्या जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे त्यांच्या हाती अकराव्या दिवशी पडली. "पाच हजार दंड भरून विषय मिटेल ना?" असे ते विचारतात. याच धाटणीची पत्रे यापूर्वीही आली आहेत आणि त्या सर्वांचा शेवट याच प्रश्नाने होतो.

मिटणार नाही. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ने वर्ज्य केला आहे आणि केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी तोच अर्थ कायम केला आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. सीएनजी किंवा बॅटरीच्या किटला परवानगी मिळते, मग मला का नाही, हा आपला युक्तिवादही टिकणार नाही, कारण कलम 52 चे ते परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, इंधन किंवा ऊर्जास्रोत बदलण्यासाठी आहे आणि आपण पेट्रोलच्या जागी पेट्रोलच ठेवले आहे. ब्रिटनमधील ज्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, त्यांची तेथे एकेका गाडीनुसार तपासणी होऊन मग नोंदणी होते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 खालील चाचणी उत्पादकाच्या नमुना वाहनाची होते. घरच्या हौसेने केलेली एकच गाडी घेऊन त्या वाटेने जाणे व्यवहारात शक्य होईल असे मला वाटत नाही.

दंडाची तरतूद कलम 182अ(4) मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलासाठी" हे शब्द कृपया पुन्हा वाचावेत. मात्र आपले प्रकरण ज्यावर उभे राहील किंवा कोसळेल ते कलम वेगळे आहे, ते म्हणजे कलम 55(5). वाहनावर कोरलेला इंजिन क्रमांक किंवा चासीस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाहून भिन्न असल्याची नोंदणी प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लेखी नोंदवून त्याने नोंदणी रद्द करावी, असे ते सांगते. "रद्द करता येईल" असे नव्हे, तर "रद्द करील" असे तेथे म्हटले आहे. दंडाची पावती दाखवून हा क्रमांक बदलत नाही, उलट ती पावती आपल्याच हाताने दिलेली कबुली ठरण्याचा संभव आहे.

याच पोटकलमानुसार नोटीस नोंदणी प्रमाणपत्रातील पत्त्यावर पोचपावतीच्या रजिस्टर्ड टपालाने जाते, त्यामुळे "मला वेळेवर मिळाली नाही" ही तक्रार फारशी ऐकली जाणार नाही. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत कळवण्याचे बंधन कलम 49 ने घातले आहे. मडगावहून फोंड्याला राहायला आल्यावर एक अर्ज केला असता, तर आज आपल्या हातात चारऐवजी जवळजवळ पंधरा दिवस असते. गाडीवर लाखभर रुपये खर्च करणारी माणसे या एका अर्जाचा कंटाळा का करतात, हे मला इतक्या वर्षांत समजलेले नाही.

आपण लिहिता की मूळ इंजिन गॅरेजच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे. प्राधिकाऱ्याची खात्री निर्णयाच्या दिवशी व्हावी लागते, आणि त्या दिवशी गाडीवर नोंदणीतीलच क्रमांक कोरलेले इंजिन असेल, तर कलम 55(5) चा पायाच राहत नाही, असे ठामपणे मांडता येते. दुसरा एखादा अधिकारी वेगळा अर्थ लावील हे मी नाकारत नाही. पण तसे झाले तरी अपिलात मांडण्याजोगा मुद्दा आपल्या हाती राहील. म्हणून आजच मुदतवाढीचा आणि प्रत्यक्ष सुनावणीचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, मूळ इंजिन बसवून घ्यावे, त्यानंतर गाडीची तपासणी करण्याची विनंती करावी आणि तपासणीचा अहवाल उत्तरासोबत जोडावा. मुदतवाढ मिळेलच असे गृहीत धरू नये. इंजिन बसवून झाले नसले तरी चौथ्या दिवशी उत्तर दाखल झालेच पाहिजे. तोपर्यंत गाडी रस्त्यावर चालवू नये, टोइंगच्या वाहनावरूनच न्यावी. विमा कंपनीला हा बदल कळवलेला नसल्याने या काळात अपघात झाल्यास भरपाईचा बोजा अखेर आपल्यावर येऊ शकतो.

आपण सहज लिहून गेला आहात की गाडीला रिव्हर्स नाही आणि पार्किंगमधून ती ढकलून काढावी लागते. हायाबुसाच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतोच. परदेशात त्यासाठी वेगळी गिअरपेटी किंवा विजेची मोटार बसवतात. मोटारगाडी मागेही चालली पाहिजे, हा त्याच नियमांतील नियम 99 चा विषय आहे, तेव्हा हे वाक्य उत्तरात लिहू नये आणि खोटेही बोलू नये. मूळ इंजिन परत बसल्यावर तो प्रश्न उरत नाही.

एवढे करूनही आदेश विरोधात गेला, तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम 57 खाली अपील करावे लागेल. पर्वरीच्या उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण अपिलाचा मार्ग उपलब्ध असताना अशा याचिका सहसा ऐकल्या जात नाहीत. पक्षकार तारखांची वाट पाहत राहतो, शेवटी "आधी अपील करा" असे सांगून त्याला परत पाठवले जाते आणि तोवर ते तीस दिवस उलटून गेलेले असतात.

उतरवलेले हायाबुसाचे इंजिन मात्र लगेच विकू नये. ते कोणत्या मोटारसायकलचे, तिची नोंदणी रद्द झाली होती का, याचा आपल्याकडे साध्या कागदावरील रोख पावतीखेरीज पुरावा नाही. ती मोटारसायकल चोरीची निघाली, तर पोलीस चोरीच्या मालाविषयीच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली आपल्यालाच प्रश्न विचारतील. ज्याने ते विकले त्याच्याकडून इंजिन क्रमांक आणि मूळ गाडीचे कागद लेखी मागवावेत, आणि ते मिळेपर्यंत इंजिन आपल्याच ताब्यात ठेवावे.