रंग काढल्यावर फुलात काय उरतं?

लाल गुलाब हिरव्या पानांवर उठून दिसला म्हणून टिपलात, आणि कृष्णधवल केल्यावर फूल-पानं एकाच राखाडीत विरघळली, असंच झालं ना? माझंही सुरुवातीला हेच व्हायचं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, म्हणजे रंगांची माहिती शाबूत राहते. मग एडिटिंगमध्ये कृष्णधवल करताना, कुठला रंग किती उजळ दिसावा ते ठरवणाऱ्या पट्ट्यांपैकी लाल स्लायडर वर न्या, हिरवा आणि पिवळा खाली, म्हणजे फूल उजळेल आणि पानं गडद होतील. पिवळा विसरू नका, पानांचा बराचसा हिरवेपणा त्यातच दडलेला असतो. कॅमेऱ्याचा स्क्रीन मात्र मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवा, नजर तयार होते. गडद पार्श्वभूमीवर पांढरं फूल असेल तर एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी करा (म्हणजे प्रकाश निम्मा), नाहीतर पाकळ्यांवरच्या शिरा पार उडून जातात. आणि भर दुपारचं ऊन? सोडा हो. ढगाळ सकाळी या.