यवतमाळकडच्या गावशाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलीला मिस युनिव्हर्स झोझिबिनी टुन्झीवर दोन मिनिटं बोलायचंय, काय सांगावं?

तिचे आखूड कुरळे केस आणि स्पर्धेतलं शेवटचं निवेदन, एवढंच घ्या. मुलं उंची, मुकुट, पोशाख यांतच अर्धा वेळ घालवतात, मग मुद्द्याला घाई होते. डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटात जिंकली तेव्हा या दक्षिण आफ्रिकी मुलीने ना विग घातला होता, ना केस सरळ केले होते. अशा मंचावर ते दुर्मीळच. निवेदनाचा आशय वऱ्हाडीतच सांगू द्या: ‘माह्यासारक्या दिसनाऱ्या पोरीले कोनी सुंदर मनत नव्हतं.’ समोरच्या आया इथेच कान देतील. पुढे दोन सेकंद थांबायचं. दोनशे शब्द पुरेत. फक्त ‘पहिली कृष्णवर्णीय विजेती’ म्हणू नका, तो मान १९७७ च्या त्रिनिदादच्या जनेल कमिसिओंगचा.