पत्रकाची वीस तारीख

ख्रिस्तात प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र मिळालं. तिन्ही लुथरन मंडळ्यांनी तुला पाळक म्हणून बोलावलं, राहायला पाळकांचं घर दिलं, आणि तू पोचायच्या आधीच कुणीतरी तळघरातल्या फ्रीझरमध्ये अर्धं डुक्कर कापून, पुड्या बांधून ठेवलं. इतकं सगळं आनंदाने लिहून शेवटी रडगाणं लावलंस ते मासिक पत्रकाचं. दर महिन्याच्या वीस तारखेला मजकूर द्यायचा, आठ पानं भरायची आणि छापायचं काय, तर गावात सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं. सेमिनरीत हे कुणी शिकवलं नाही म्हणतेस. कसं शिकवतील? तिथे ग्रीक शिकवायचं असतं.

तुझी तक्रार खरी आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. अमेरिकेत, रेड रिव्हरच्या खोऱ्यातल्या छोट्या मंडळीत पत्रक बातमी कळवायला नसतंच. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, धान्य टाकायला आलेल्या माणसाला तुझ्याआधी कळतं. पत्रक असतं नोंद ठेवायला. अमक्याने अमकं काम केलं आणि ते मंडळीने पाहिलं, एवढं कागदावर यायला हवं असतं. तो कागद वाचतं कोण? नर्सिंग होममधली म्हातारी, जी आता उपासनेला येऊ शकत नाही. फार्गो शहरात नोकरीला गेलेला मुलगा. हिवाळाभर ॲरिझोनात जाऊन बसलेली जोडपी. आपल्या नगरमधून 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तेव्हापासून आपल्याकडेही घरोघर हेच चाललं आहे. आमची आजी आधी मृत्युवार्ता वाचायची, मग विवाह, आणि वेळ उरला तर संपादकीय. तुझे वाचकही तसेच आहेत. पहिल्या पानावरचा पाळकांचा लेख अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नकोस.

तुझ्याकडे चर्चचं पंचांग आहे: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान, पंचाशत्तम. गावाचं पंचांग मात्र शेत ठरवतं, आणि दोन्हींची टक्कर झाली की शेत जिंकतं. उदाहरणार्थ तुझा पहिला ऑक्टोबर. ऑक्टोबर उजाडला की साखरबिटाची, म्हणजे ज्यापासून साखर काढतात त्या बिटाची, मोठी काढणी सुरू होते. ट्रक दिवसरात्र चालतात, लोक बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. ऊन वाढलं की काढणी थांबते, कडक थंडी पडली तरी थांबते, कारण ढिगात घातलेलं गरम किंवा गोठलेलं बीट सडतं. त्यामुळे कधी काम आहे आणि कधी सुट्टी, हे आदल्या दिवशीही कुणी सांगू शकत नाही. तुझ्या घरी उसाची शेती, म्हणून सांगतो: तिथला साखर कारखानाही शेतकऱ्यांचाच आहे. प्रवरेचा आपला सहकारी कारखाना 1950 साली उभा राहिला. तिकडे 1973 मध्ये बीट पिकवणाऱ्यांनी अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेतली. ही गोष्ट पहिल्याच भेटीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात काढ, एका कॉफीत ओळख होईल.

मुद्दा असा की ऑक्टोबरच्या पत्रकात पंचकमिटीची सभा, बायबल अभ्यास असलं काही भरू नकोस. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारचं दृढीकरण (मुलांचं कन्फर्मेशन) ठेव. तो धर्मसुधारणेचा रविवार असतो, बहुतेक ठिकाणी दृढीकरण त्याच दिवशी करतात. तरीही मुलांचे वडील डोळे तांबारलेले, रात्रपाळी करून थेट येतील आणि तुझ्या प्रवचनात झोपतील. झोपू दे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा पुरुषांची बाकं पुन्हा रिकामी दिसतील. त्याबद्दल पत्रकात विनोदसुद्धा नको, दर पाळकाने तो केलेला आहे.

आता लिहायचं कसं, ते एका बातमीवरून दाखवतो. शरदात हे कधी ना कधी होणारच: एखादा शेतकरी आजारी पडतो, पीक उभं असतं, आणि एका सकाळी शेजारीपाजारी आपापले हार्वेस्टर घेऊन न बोलावता येतात. नवा पाळक हे पाहून भारावतो आणि लिहितो, ‘परमेश्वराच्या अपार प्रेमाने प्रेरित होऊन आपल्या मंडळीतील बंधूंनी दुर्धर आजाराशी धैर्याने झुंजणाऱ्या आपल्या बांधवासाठी…’ हे वाचून ज्याचं शेत तो मेल्याहून मेल्यासारखा होतो आणि ज्यांनी मदत केली ते दोन रविवार तुझ्याकडे बघत नाहीत. असं लिही: ‘शनिवारी सकाळी नऊ हार्वेस्टर उत्तरेच्या शेतात आले. अंधार पडेपर्यंत सोयाबीन निघालं. दुपारचं जेवण रूथ सर्कलच्या बायकांनी बांधावर दिलं. घरच्यांनी आभार कळवले आहेत.’ संपलं. आजाराचं नाव नाही, आलेल्यांची नावं नाहीत. नावं का नाहीत? कारण दहावा येणार होता, त्याच्या यंत्राचं बेअरिंग गेलं, आणि यादीत आपण नाही हे तो वीस वर्षं लक्षात ठेवील. नावं द्यायची तर सगळ्यांची, नाहीतर एकाचंही नाही. हा नियम भोजनसमारंभापासून कबरस्तानाचं गवत कापण्यापर्यंत सगळीकडे लागू आहे. आजारपणाची बातमी मात्र त्या माणसाला स्वतः विचारल्याशिवाय छापायचीच नाही. बायकोने हो म्हटलं, हे पुरेसं नाही.

भोजनसमारंभ म्हणजे लुटेफिस्क. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवतात, मग साध्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून तो क्षार काढतात आणि शिजवतात. ताटात आला की थरथरतो. नॉर्वेहून येऊन वसलेल्यांच्या घरचे त्यावर वितळलेलं लोणी ओततात, स्वीडनहून आलेल्यांच्या घरचे पांढरा सॉस. तुझ्या तीनपैकी कोणती मंडळी कोणाची हे लोण्यावरून कळेल. बरोबर लेफ्स असते, बटाट्याची पातळ पोळी. तुला पोळ्या लाटता येतात म्हणून पहिल्याच वर्षी पोळपाटाकडे जाऊ नकोस. तळघरातल्या त्या टेबलापाशी कोण लाटणार, कोण भाजणार आणि कोण फक्त घड्या घालणार, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. बोलावतील तेव्हा घड्या घालायला बस. आणि त्या जेवणात चिकनचा रस्साही नको. तुझी वेळ उपवासकाळात येते. तेव्हा दर बुधवारी संध्याकाळच्या उपासनेआधी सूप आणि ब्रेड असतो, पाळी वाटून घेतात. मसुराची आमटी तिथे सूप म्हणून सहज खपते. फक्त मिरचीवर हात राख.

हिवाळ्यात दोन गोष्टी नीट सांभाळ. एक, उपासना रद्द करण्याचा नियम आधीच छापून ठेव: शाळा बंद तर बुधवारचे वर्गही बंद, आणि रविवारचा निर्णय सकाळी सातला. उणे 30 फॅरनहाइटमध्ये पंच्याऐंशीचा म्हातारा केवळ तू येणार म्हणून गाडी काढेल, त्याला तसं करायला लावू नकोस. दुसरी गोष्ट वार्षिक सभेची. ती जानेवारीत, उपासनेनंतर, हॉटडिशच्या (एकाच भांड्यात भाजलेल्या पदार्थाच्या) जेवणावर होते. छताचा खर्च, पाळकांचा पगार, कबरस्तानाचा निधी. वार्षिक अहवालात उपस्थितीचे आकडे द्यावेच लागतात, ते तिथेच असू देत. दर महिन्याच्या पत्रकात ‘गेल्या रविवारी 23’ असं छापायची प्रथा असेल तर ती हळूच बंद कर. जे 23 आले त्यांनी आपल्याला मोजलेलं आहेच. अर्पण आणि खर्च मात्र दर तिमाहीला स्पष्ट दे, त्यात लपवाछपवी नको.

मे महिन्याचं पत्रक मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. थंडीत जमीन चार-चार फूट गोठते. यंत्राने खणता येतं हल्ली, पण पुष्कळ घरं अजूनही अंत्यविधीची उपासना जानेवारीत करतात आणि माती द्यायला वसंताची वाट बघतात. तीन-चार महिने ते घर मधल्यामध्ये राहतं. लोकांच्या लेखी विषय संपलेला असतो, आणि इकडे त्यांना नवऱ्याला अजून पुरायचं असतं. म्हणून एप्रिलमध्येच त्या प्रत्येक घरी जा, तारीख ठरव, आणि मेच्या पत्रकात दफनविधीच्या तारखा वेळेसकट छाप, म्हणजे शेजारी येतात. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे. त्याआधी कबरस्तान साफ व्हायला हवं, झेंडे लागायला हवेत. मृत सैनिकांची नावं मोठ्याने वाचतात. नॉर्वेजियन उच्चार आधी कुणा म्हाताऱ्याकडून घोटून घे.

त्याच सुमाराला बियाणांचा आशीर्वाद येतो, पुनरुत्थानाच्या सहाव्या रविवारी. शेतकरी कॉफीच्या डब्यातून गहू, सोयाबीन, मका आणतात आणि वेदीपाशी ठेवतात. आपल्याकडच्या हंगामाच्या सणाला धान्य, कोंबड्या, भोपळे येतात आणि मग लिलाव होतो, तो गलका तिथे नाही. सगळं कसं गुपचूप. सुंदर उपासना आहे, पण एक सांगतो: हल्लीच्या बियाणाला औषध चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी-हिरवं दिसतं. संडे स्कूलच्या पोरांना त्यात हात घालू देऊ नकोस. आणि पेरणी लांबली असेल तर त्या दिवशी प्रवचन सात मिनिटांचं.

पुराचंही लक्षात ठेव. रेड रिव्हर उत्तरेकडे वाहते. दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो आणि पुढे नदी अजून गोठलेलीच असते, म्हणून पाणी सपाट शेतांवर पसरतं. 1997 च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स शहर जवळजवळ पूर्ण रिकामं करावं लागलं होतं. तुझ्या मंडळीत त्या वेळी वाळूच्या पिशव्या भरलेली माणसं आहेत. मार्चमध्ये ती गप्प होतात आणि रेडिओ ऐकत बसतात, तेव्हा विषय बदलू नकोस.

गोधड्यांबद्दल विचारलंस. बायका आठवड्यातून एकदा तळघरात जमतात, जुन्या कापडाचे चौकोन जोडतात, थर घालतात आणि लोकरीच्या दोऱ्याने गाठी मारतात. माप 60 बाय 80 इंच. त्या लुथरन वर्ल्ड रिलीफकडे जातात. ही संस्था 1945 मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपसाठी उभी राहिली. पाठवण्याआधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या बाकांच्या पाठींवर पसरतात. त्या दिवशी फोटो काढ आणि पत्रकात पूर्ण पान दे, शब्दांशिवाय. तुझा लेख त्या महिन्यात नसला तरी चालेल.

एक नाजूक बाब राहिली. तुझ्या मधल्या गावात रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन लुथरन चर्चेस आहेत. 2009 च्या ऑगस्टमध्ये मिनियापोलिसला भरलेल्या, ELCA या अमेरिकेतल्या लुथरन चर्चच्या महासभेने समलिंगी नात्यात निष्ठेने राहणाऱ्या पाळकांना सेवेचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर अनेक मंडळ्या बाहेर पडल्या, कुठे कुठे एकीच्या दोन झाल्या. भावाभावांची बाकं वेगळी झाली. तुझं मत तू प्रवचनात, घरभेटीत जरूर सांग. मी सांगत आलो. पण पत्रकात इतिहासाचा लेख लिहू नकोस. पलीकडच्या चर्चच्या लुटेफिस्कची तारीख मात्र आपल्या पत्रकात चौकटीत छाप, आणि तिकीट काढून जेवायला जा. कुरकुर होईल, ती ऐकून घे.

डिसेंबरच्या अंकाची वीस तारीख जवळ आली की मुलांच्या नाटकाची तारीख घाल, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या तीन उपासना: चार, साडेपाच आणि रात्री दहा. मेणबत्त्यांची, रात्रीची वेळ तिन्ही मंडळ्यांना हवी असते. मागच्या वर्षीचं पत्रक काढून बघ कोणाला मिळाली होती, आणि या वर्षी फिरव. दोन चर्चेसमधलं अंतर बर्फातलं धर, उन्हाळ्यातलं नव्हे.

काकूचा सलाम. तिने तिळाची चटणी पाठवली आहे.

तुझा,
काका

ता. क. पत्रकाचं अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको. आणि गाडीचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारं यंत्र, रात्री प्लगला लावत जा. डिकीत फावडं, घोंगडी आणि वाळूची एक पिशवी असू दे.